कोपरातल्या तारेसोबत सहा-सात महिने

जूनमध्ये पावसात गाडी घसरली आणि उजव्या कोपराचं टोक तुटलं. डॉक्टरी भाषेत ऑलेक्रेनॉन. "नुसतं प्लास्टर नाही का चालणार?" असं घरी येणाऱ्या प्रत्येकाने विचारलं. तुकडा जागेवर असेल तर चालतं. माझा सरकला होता. दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू त्याच टोकाला जोडलेला असतो, तो तुकडा वर खेचत राहतो. म्हणून ऑपरेशन करून दोन के-वायर, म्हणजे हाडात घालायच्या बारीक सरळ तारा, आणि त्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात स्टीलची तार. याला टेन्शन बँड म्हणतात. कोपर वाकवलं की स्नायूची तीच ओढ तुकड्यांना सांध्याच्या बाजूने एकमेकांवर दाबते, ही युक्ती मला फार आवडली. हाडाचा चुरा झाला असेल तर मात्र प्लेट लागते.

ऑपरेशनला पैकीच्या पैकी मार्क. खरी कटकट पुढे. कोपर आखडायला वेळ लागत नाही, म्हणून थोड्याच दिवसांत झोळीतून हात काढून वाकवायला लावलं. वजन उचलायचं नाही, हातावर रेटा देऊन उठायचं नाही, एवढी बंधनं. हात सरळ म्हणजे 0 धरला तर रोजच्या कामांना 30 ते 130 अंशांची हालचाल पुरते म्हणतात. त्यातलं वाकणं जास्त महत्त्वाचं, हे जेवायला बसल्यावर कळतं. सुरुवातीला घास तोंडापर्यंत जाईना, आणि डाव्या हाताने कडक भाकरी मोडून दाखवा! आता नीट जेवतो. हात पूर्ण सरळ होत नाही, थोडा बाक राहिलाय. सोलापुरात चाटी गल्लीत कामाला आहे त्या दुकानात डबलबेड चादरीची घडी घालताना टोकं धरून हात फाकवतो, तेव्हाच तो जाणवतो.

मालिशवाल्याचा पत्ता सगळ्यांकडे असतो. जाऊ नका. कोपर जबरदस्तीने ताणलं तर स्नायूतच नवं हाड धरू शकतं. फिजिओथेरपिस्टने मला एकदाही झटका दिला नाही, माझ्याच ताकदीने करून घेतलं. करंगळीत मुंग्या येत असतील तर मात्र लगेच दाखवा, त्या बोटाची नस कोपरामागूनच जाते.

तक्रार एकच. तिथली कातडी पातळ, त्यामुळे गल्ल्यावर कोपर टेकलं की तारेचं टोक टोचतं. हाड जुळल्यावर पुष्कळांना तार काढावी लागते, पण पहिल्या खर्चाच्या अंदाजात त्याचा उल्लेखही नव्हता. तुम्ही आधीच विचारून घ्या. माझी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेनंतर काढायची ठरलीय. यात्रेच्या गर्दीत मालक सुट्टी देणार नाहीत.