मिनी ट्रॅक्टरचं हायड्रोलिक ऑईल: यूटीटीओची बादली एक सीझन वापरून

ट्रॅक्टर माझा २४ एचपीचा फोरव्हील, म्हणजे महिंद्राचा जिवो २४५ किंवा कुबोटाचा निओस्टार बी२४४१ ज्या गटात येतात त्यातलाच, आणि चालतो सासवडच्या अलीकडे अंजीर-सीताफळाच्या बागेत. काम काय तर ओळींमधून रोटर, ब्लोअरने फवारणी आणि अधूनमधून शेणखताची ट्रॉली. तासाचा मीटर ऑईल बदलायच्या आकड्यावर आला म्हणून पुण्याच्या नाना पेठेतून यूटीटीओची, म्हणजे ट्रॅक्टरच्या पंप, गेअर आणि ब्रेक तिन्हींना चालणाऱ्या ऑईलची २० लिटरची बादली आणली, रोटरचा सीझन त्यावर काढला आणि आता लिहितोय. ऑईल चांगलं निघालं, ते आधीच सांगून टाकतो. कंपनीचं नाव मात्र मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव टाकलं की लगेच "आमच्याकडे तर अमुकच चालतं" सुरू होतं आणि ज्या ओळीकडे बघायला पाहिजे ती तशीच राहते. ती ओळ बादलीच्या मागे बारीक अक्षरात असते आणि नव्वद टक्के लोक ती न वाचताच बादली गाडीत टाकतात.

आता झंझट काय आहे बघा. या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये मागच्या हाऊसिंगमधलं एकच ऑईल सगळीकडे फिरतं, लिफ्टचा पंप त्याच्यावर, गेअर त्याच्यात, डिफरन्शियल (वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळा वेग देणारा गेअर) त्याच्यात आणि ब्रेक जर ऑईलमधले असतील तर ब्रेकच्या प्लेटासुद्धा त्यातच. म्हणजे घरातली एकच सून जिला स्वयंपाकही करायचाय, गुरंही बघायचीत आणि पोरांचा अभ्यासही घ्यायचाय. आणि दुकानात जाऊन नुसतं "हायड्रोलिक ऑईल द्या" म्हटलं की समोर ६८ नंबर (हा ऑईलच्या जाडीचा नंबर) येतो. ६८ वाईट नाही, प्रेसला, मशीनला झकास, पण ते फक्त पंपासाठी बनलेलं असतं, गेअरच्या दातांवर जो दाब येतो त्याची औषधं त्यात नसतात आणि ऑईलमधल्या ब्रेकला जो फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटांचं घर्षण नीट ठेवणारं औषध लागतं, तोही नसतो. मग पाय दाबला की ब्रेक कुरकुरतात, ट्रॅक्टर थरथरतो, आणि आपण म्हणतो ब्रेकच्या प्लेटा गेल्या. दुसरा सल्ला गॅरेजवाल्यांचा, ९० नंबरचं गेअर ऑईल टाका. ते पंपाला जाड पडतं, थंडीत तर जाळीतून ओढलंच जात नाही नीट, आणि त्यात जीएल-५ (जास्त दाबाच्या गेअरसाठीचा ऑईलचा दर्जा) असेल तर पितळ-ब्राँझच्या बुशांनाही ते त्रास देऊ शकतं. यूटीटीओ म्हणजे युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑईल, हे पंप, गेअर आणि ब्रेक तिन्ही धरूनच बनवलेलं असतं. एसटीओयू (सुपर ट्रॅक्टर ऑईल युनिव्हर्सल) म्हणून अजून एक प्रकार असतो, तो इंजिनलाही चालतो, पण इंजिनचं ऑईल वेगळं घेत असाल तर त्याच्या नादी लागायचं कारण नाही.

बादलीमागे काय शोधायचं तर एपीआय जीएल-४, आणि जॉन डिअर जे२०सी, मॅसी फर्ग्युसन एम११३५, फोर्ड न्यू हॉलंड एम२सी१३४-डी असले नंबर. आपला ट्रॅक्टर त्या कंपनीचा नसला तरी हे नंबर कामाचे, कारण ऑईलमधल्या ब्रेकचा आवाज, पाणी सहन करणं, गेअरची झीज यांच्या टेस्ट त्यामागे असतात. अर्थात आपल्या मॅन्युअलमध्ये जे ग्रेड लिहिलंय ते पहिलं, बाकी सगळं नंतर. ज्या बादलीवर नुसतंच "सर्व ट्रॅक्टरसाठी उपयुक्त" आणि बैलासारख्या दणकट ट्रॅक्टरचा फोटो असतो ती मी ठेवून देतो. अमेरिकेतही हा प्रकार झालाय, जॉन डिअरचा ३०३ नावाचा जुना स्पेक (ऑईल कसं असावं याचा कंपनीचा मापदंड) होता, त्या ऑईलमध्ये स्पर्म व्हेलचं तेल असायचं, १९७० च्या दशकात त्या तेलावर बंदी आली आणि स्पेक मोडीत निघाला, तरी पुढे कितीतरी वर्षं पिवळ्या बादल्यांवर ३०३ छापून स्वस्त ऑईल विकलं गेलं आणि शेवटी मामला कोर्टात गेला. रंगावर तर जाऊच नका, लाल म्हणजे भारी असलं काही नसतं, रंग कंपनी आपल्या मर्जीने टाकते.

दुकानाबद्दल. नाना पेठेत ऑईलची दुकानं भरपूर आहेत, मी गेलो तिथले काका बोलायला तिरसट पण माणूस पक्का, "ब्रेक ड्राय का ऑईलमधले?" हा प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारला आणि तिथेच मी दुकान ठरवलं. जीएसटीचं पक्कं बिल दिलं, झाकणाचं सील आणि बॅच नंबर दाखवला, जे महत्त्वाचं आहे कारण रिकाम्या बादल्या विकत घेऊन त्यात भलतंच भरून विकणारेही असतात. डीलरकडच्या कंपनीच्या ऑईलपेक्षा लिटरमागे चांगलाच फरक पडला. पण ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर हा शहाणपणा करू नका, डीलरचंच ऑईल आणि डीलरचंच बिल. फिल्टर तर वॉरंटी असो नसो, ओरिजिनलच घ्या. एक मार्क कापतोय तो पार्किंगचा, चारचाकी लांब लावून २० लिटरची बादली गर्दीतून हातात आणायची म्हणजे खांदा निघतो. आणि बादलीला ओतायला तोटीच नाही, मोठी चाडी (नरसाळं) आणि जाळीचं कापड घरून लागतं.

बदलायचं काम गावातल्या मेकॅनिक दादांनी बागेतच केलं. आधी थोडा रोटर चालवून ऑईल कोमट करून घेतलं, सपाट जागेवर उभा केला, लिफ्टचे हात पूर्ण खाली, मग ड्रेन नट. खाली नट एकच नसतो बरं का, दोन-तीन असू शकतात, एकच खोलला तर बरंच जुनं ऑईल आतच बसतं. नटाच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी पेस्ट होती, ती चालते, पण टोचणारे तुकडे निघाले असते तर काम तिथेच थांबवायला लागलं असतं. ऑईल चहासारखं दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय समजा, पावसाळ्यात ट्रॅक्टर उघड्यावर राहिला किंवा धुताना प्रेशरची धार ब्रीदरवर, म्हणजे हाऊसिंगच्या हवेच्या तोंडावर मारली की हे होतं. आमचं काळपट होतं पण दुधाळ नव्हतं. सक्शनची जाळी डिझेलमध्ये धुऊन हवा मारली, ओ-रिंग नवी टाकली, नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने ऑईल लावून हातानेच आवळला, पान्हा मारून पिळायचा नसतो.

भरताना पुस्तकातला आकडा बघून सगळं एकदम ओतू नका. कोनाकोपऱ्यात थोडं जुनं राहतंच, त्यामुळे नवीन थोडं कमी बसतं. डिपस्टिक बघत भरायचं, मग इंजिन चालू करून लिफ्ट वर-खाली करायची, स्टेअरिंग हायड्रोलिक असेल तर तेही दोन्हीकडे फिरवायचं, बंद करून थोडं थांबून परत डिपस्टिक. फोरव्हीलवाल्यांनो, पुढच्या ॲक्सलचं ऑईल वेगळं असतं, मेकॅनिकला आठवण करून द्या नाहीतर ते तसंच राहतं.

फरक काय पडला? लिफ्टचा वेग वाढला वगैरे काही नाही, तो पंपावर असतो, ऑईलने दुप्पट होत नाही, असं सांगणाऱ्या दुकानदाराला हसून बाहेर पडा. पण थंडीत सकाळी चालू केल्यावर पंपाचा जो कुंई आवाज यायचा तो गेला, यातलं निम्मं श्रेय मी धुतलेल्या जाळीला देतो. दिवे घाट उतरताना खताची ट्रॉली मागे असतानाही ब्रेक शांत आहेत, थरथर नाही. ब्लोअर लावून दुपारभर पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट) चालला तरी ऑईलला फेस नाही, लेव्हल जागेवर. ऑईलला पाचपैकी साडेचार, दुकानाला चार.

काढलेलं जुनं ऑईल काही जण बांधावर ओततात किंवा कुंपणाच्या लाकडांना फासतात, तसं करू नका, ते कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं आणि विहिरीच्या जवळ तर फारच वाईट. आम्ही ते कॅनमध्ये भरून गॅरेजवर दिलं, तिथून रिसायकलवाले ड्रम घेऊन जातात. रिकामी बादली मात्र घरच्यांनी ताब्यात घेतली, वापरायच्या आधी सोडा टाकून दोनदा गरम पाण्याने धुतली तरी वास आहे, त्यामुळे तिच्यात सध्या फक्त पान्हे आणि ग्रीसगन.