शॅले स्कूलचा संच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. शॅले स्कूल या इंग्रजी शाळाकथांच्या मालिकेचा संच घ्यावा, पण अख्खा घेऊ नये. आणि स्वस्त दिसली म्हणून हाताला येईल ती पेपरबॅक तर मुळीच उचलू नये. आठ महिन्यांत वीसेक भाग वाचून झाले, काही तर दोन वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून. त्यावरून हे लिहितो आहे.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी: एलिनॉर ब्रेंट-डायर या इंग्लिश शिक्षिकेने १९२५ साली ‘द स्कूल ॲट द शॅले’ लिहिलं आणि मरेपर्यंत ती त्याच शाळेच्या गोष्टी लिहीत राहिली. शेवटचा भाग १९७० साली, तिच्या मृत्यूनंतर आला. भाग साठाच्या आसपास. नेमका आकडा विचारू नका, कारण पेपरबॅकवाल्यांनी काही जाडे भाग फोडून एकाचे दोन केले. ‘द न्यू शॅले स्कूल’चा उत्तरार्ध ‘अ युनायटेड शॅले स्कूल’ म्हणून वेगळा विकला, ‘अ जीनियस’मधून ‘शॅले स्कूल फेट’ काढलं. पेपरबॅकच्या कण्यावरचा क्रमांक मूळ क्रमाशी जुळत नाही तो याचमुळे. जुन्या यादीवरून नवीन प्रती मागवल्या की एखादा भाग दुबार येतो आणि एखादा सुटतो. मागवताना क्रमांक बघू नका, पुस्तकाचं नाव आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष बघा.

नावांचाही घोळ आहे. ‘द शॅले स्कूल गोज टू इट’ हे १९४१ चं पुस्तक पेपरबॅकमध्ये ‘द शॅले स्कूल ॲट वॉर’ झालं. ‘लॅव्हेंडर लाफ्स’ची ‘लॅव्हेंडर ली’ झाली, ‘गे फ्रॉम चायना’ची ‘गे लॅम्बर्ट’. वेगळं नाव दिसलं म्हणून वेगळं पुस्तक समजून पैसे घालवू नका.

आता आवृत्त्यांकडे येऊ, खरी गोम तिथे आहे. बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला चेंबर्स या मूळ प्रकाशकाचा जुना, जाड पुठ्ठ्याचा. मजकूर पूर्ण, टाइप मोठा, कागद दणकट. पण नीना ब्रिस्लेच्या चित्रांची जॅकेटं शाबूत असतील तर भाव संग्राहकांचा लागतो, वाचकाचा नव्हे. दुसरा आर्माडा या प्रकाशनाच्या पेपरबॅकचा, १९६७ पासूनचा. सगळ्यात जास्त हाच मिळतो, जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात आला तर हाच असतो आणि घात करतो तोही हाच. बऱ्याच भागांना कात्री लागली आहे आणि ती कुठे लागली हे पुस्तकात कुठेही सांगितलेलं नाही. मागच्या प्रकरणात जिचं नाव नव्हतं ती मुलगी अचानक भांडायला उभी राहते, तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं आपलंच पान सुटलं. पान सुटलेलं नसतं, कापलेलं असतं. तिसरा प्रकार ‘गर्ल्स गॉन बाय’ या छोट्या इंग्लिश प्रकाशनाचा. मजकूर अखंड, सोबत त्या पुस्तकाचा प्रकाशन-इतिहास सांगणारी प्रस्तावना. घ्यायचा तर हाच. अडचण एकच: ते थोड्या प्रती छापतात, त्या संपल्या की वापरलेल्या प्रतीचाही भाव चढतो. यादीत दिसला की तेव्हाच मागवा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आर्माडाची शारीरिक तब्येतही सांगायला हवी. पाठ नुसत्या गोंदावर उभी आहे, शिलाई नाही. पन्नास वर्षांत गोंद वाळून काचेसारखा होतो. पुस्तक सपाट उघडून पालथं ठेवलं की मधोमध ‘कट्’ असा आवाज येतो आणि सोळा-वीस पानांचा जुडगा हातात राहतो. तळहाताच्या अर्ध्या ओंजळीत मावेल इतकंच उघडायचं, खूण कागदाची ठेवायची, पान दुमडायचं नाही. पिवळटपणा कागदातल्या आम्लाचा आहे, तो जात नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ही पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी कण्याच्या आतून सुरू होते आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि फुकटचं काय? लेखिका २० सप्टेंबर १९६९ रोजी गेली. कॅनडात तेव्हा मृत्यूनंतर ५० वर्षांचा नियम होता, त्यामुळे तिथे तिचं लेखन २०२० पासून मुक्त आहे आणि तिथल्या संकेतस्थळांवर कायदेशीरपणे मिळतं. आपल्याकडे ६० वर्षांचा नियम. म्हणजे भारतात १ जानेवारी २०३० पर्यंत थांबायचं.

कुठून सुरू करावं यावर मतभेद असतात. माझं मत पक्कं आहे: पहिल्यापासून, आणि टिरोलचे, म्हणजे ऑस्ट्रियातल्या त्या डोंगराळ प्रांतात घडणारे भाग सोडू नयेत. मॅज बेटनी ही चोवीस वर्षांची मुलगी, हातात पैसा नाही, बारा वर्षांची बहीण जोई तब्येतीने नाजूक, आणि जुळा भाऊ डिक भारतात जंगलखात्यात नोकरीला. ऑस्ट्रियात राहणं इंग्लंडपेक्षा स्वस्त पडतं, म्हणून ती तिथल्या तळ्याकाठी शाळा काढते. पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनांच्या घसरणीचा हा सरळ हिशोब आहे आणि लेखिकेने तो पहिल्याच पानांत मांडून टाकला आहे. (भारत इथे बहुतेक वेळा पत्रावरचा पत्ता आहे. डिकची पोरं हवापाण्यासाठी आत्याकडे येऊन राहतात, तेवढाच संबंध. मळे-हत्ती-महाराजे शोधायला जाऊ नका.)

जागा खरी आहे. लेखिका १९२४ च्या सुट्टीत आखेनझे तळ्याकाठच्या पेर्टिसाऊला गेली होती, आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. तळ्याचं नाव तिने टिएर्नझे केलं, पेर्टिसाऊचं ब्रीसाऊ, येनबाखचं श्पेर्त्स. पण झेश्पिट्झ, स्कोलास्टिका, मोंडशाइनश्पिट्झ ही नावं तशीच ठेवली. त्यामुळे साध्या नकाशावर बोट ठेवून वाचता येतं: इन्सब्रुकच्या मार्गावर येनबाखला उतरायचं, तिथून १८८९ पासून चालू असलेली दातेरी रुळांची वाफेची छोटी गाडी, जेमतेम सात किलोमीटर, तळ्याच्या टोकाला झेश्पिट्झ, आणि पुढे बोट नाहीतर पायी. पुस्तकात मुली सामान घेऊन याच वाटेने येतात. नकाशा शेजारी ठेवला की पहिल्या दहा भागांतला निम्मा गोंधळ मिटतो. कोण कुठून पळालं, वादळात कोण कुठे अडकलं, सगळं कळतं.

आजाराचा भाग मुलांना आधी समजावून द्यावा लागतो. डोंगरावर डॉक्टर जेम रसेलचं क्षयाचं आरोग्यधाम आहे, शाळेतल्या कित्येकींचे आईवडील तिथे उपचार घेतात. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं. त्याआधी उपाय म्हणजे उंचावरची कोरडी हवा, विश्रांती, दूध, उघड्या खिडक्या. एवढ्यासाठीच रॉबिन या लहानगीला जरा खोकला आला तरी सगळी शाळा हादरते. आजच्या मुलाला तो कांगावा वाटतो. त्याला पाचगणी सांगा: निवासी शाळा आणि बेल-एअरसारखं क्षयाचं रुग्णालय एकाच पठारावर का आलं, ते कळलं की टिरोलही कळतं.

शाळेचा दिनक्रम हा या पुस्तकांचा उत्तम भाग. घंटा, थंड पाण्याची अंघोळ, गादी उलटायची, पिसांची दुलई ज्याला त्या ‘प्लुमो’ म्हणतात ती खिडकीवर वाळत घालायची, मगच खाली यायचं. चार वाजता कॅफे उंड कुखेन, म्हणजे कॉफी आणि केक. पुढच्या भागांत इंग्लिश, फ्रेंच आणि जर्मनचे दिवस ठरलेले: आज जी भाषा तीच बोलायची, चुकलं की दंड. जर्मन येत नसेल तरी अडत नाही, बहुतेक वाक्यांचा अर्थ पुढच्याच ओळीत निघतो. मोठ्याने वाचून दाखवायचं तर एक प्रकरण साधारण अर्ध्या तासाचं. इंग्रजी माध्यमातलं मूल दहाव्या-अकराव्या वर्षी हे वाचू शकतं. मराठी माध्यमातल्याला तेराव्या वर्षी द्या, भाषा जुनी आहे.

सगळ्यात वजनदार भाग १९४० चा, ‘द शॅले स्कूल इन एग्झाइल’. ऑस्ट्रिया नाझींनी गिळलेलं. म्हाताऱ्या ज्यू जवाहिऱ्यावर जमाव तुटून पडतो आणि शाळेच्या मुली मध्ये पडतात, सगळ्यात आधी तीच नाजूक रॉबिन. मग पाद्रीबाबांच्या मदतीने सुटका, डोंगरातून स्वित्झर्लंडकडे पळ. या पलायनात शाळेतल्या शिक्षिका विल्सनबाई यांचे केस पांढरे होतात, आणि ते पुढच्या भागांत पांढरेच राहतात. मुलींच्या शाळेच्या गोष्टीत हे १९४० साली, युद्ध चालू असताना छापलं गेलं, हे ध्यानात ठेवून वाचा. लेखिकेने शाळा मग गर्न्सी बेटावर हलवली, आणि त्याच वर्षी ३० जूनला जर्मन सैन्य गर्न्सीवर उतरलं. बिचारीला पुढच्या पुस्तकात शाळा पुन्हा हलवावी लागली, या वेळी वेल्सच्या सीमेजवळ. हा भाग कापलेल्या आवृत्तीत वाचू नका.

तक्रारी बऱ्याच आहेत. तपशिलांच्या चुका इतक्या की वाचकांनी त्यांना लेखिकेच्या आद्याक्षरांवरून नावच पाडलं आहे, ‘ईबीडीइझम’. वयं सरकतात, नावांची स्पेलिंगं बदलतात. कालगणना तर शेवटी सोडूनच द्यावी: जोईच्या तिळ्या मुली १९३९ सालच्या, त्या १९७० च्या पुस्तकात शाळा संपवतात. याचं कारण तिच्या आयुष्यात दिसतं. १९३८ ते १९४८ ती हेरेफर्डला स्वतःची मार्गारेट रोपर स्कूल चालवत होती, मुख्याध्यापिका तीच, शिकवणारीही तीच, आणि उरलेल्या वेळात पुस्तकं. शाळा बंद झाल्यावर वेग वाढला, वर्षाला दोन-दोन भाग. तपासायला सवड कुठली.

तिचं चरित्र हेलन मॅक्लेलंड यांनी १९८१ साली लिहिलं, ते मालिकेसोबत जरूर ठेवा. साउथ शील्ड्सला १८९४ साली जन्म, ती तीन वर्षांची असताना वडील घर सोडून गेले, धाकटा भाऊ १९१२ साली मेंदूज्वराने गेला. हे कळल्यावर पुस्तकांतली ती आईविना-बापाविना मुलं आणि कधी न मोडणारी प्रचंड कुटुंबं वेगळी दिसतात. जोईला अकरा मुलं होतात. सुरुवातीला हसू येतं, चरित्र वाचल्यावर कमी येतं.

लेखनाची कारागिरी बघायची तर १९३६ चं ‘जो रिटर्न्स’. त्यात जोई स्वतः शाळेची गोष्ट लिहायला बसते. ‘माल्विना विन्स थ्रू’ हा पहिला प्रयत्न ती जाळून टाकते, मग ‘सेसिली होल्ड्स द फोर्ट’ जमतं. लेखिकेने आपली कार्यशाळाच उघडून दाखवली आहे. एवढं जाणणाऱ्या बाईने पुढे पूर, हिमकडे, बसचे अपघात यांची रांग का लावावी, हे कोडंच आहे. प्रत्येक धक्क्यानंतर डॉक्टर येतो, झोपेचं औषध पाजतो, आणि दोन प्रकरणांनी तिथलीच एखादी मुलगी त्या डॉक्टरशी लग्न करते.

खरेदीचा हिशोब असा: १९२५ ते १९४१ चे भाग अखंड आवृत्तीत घ्या. वेल्सच्या काळातले आवडीनुसार. स्वित्झर्लंडचे, म्हणजे १९५२ नंतरचे, आधी कुणाकडून वाचायला आणा. त्यातले तीन-चार चांगले आहेत, बाकी जोईच्या घरचं हळदीकुंकू आहे. आर्माडाच्या प्रती आधीच घरात असतील तर फेकू नका. पहिली ओळख त्यांवर होऊ द्या, ‘एग्झाइल’ तेवढं वेगळं मागवा.