विमानतळ ते सिद्धेश्वर एक्स्प्रेस : भुयारी मेट्रोने केलेला एक प्रवास

परदेशाहून परतणाऱ्या सोलापूरकराचा प्रवास मुंबईत विमान उतरले म्हणून संपत नाही, कारण तिथून पुढे साडेचारशे किलोमीटर रेल्वेने यायचे असते. त्या साडेचारशे किलोमीटरांची आम्हाला कधीच धास्ती वाटली नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये एकदा पाठ टेकली की पहाटे कुर्डुवाडीला जाग येते आणि उजाडता उजाडता सोलापूर येते. धास्ती असायची ती सहारच्या विमानतळापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच्या, म्हणजे आमच्या पिढीच्या तोंडी अजूनही असलेल्या व्हीटीपर्यंतच्या, वीस-पंचवीस किलोमीटरांची. या वेळी सिंगापूरला लेकीकडे दोन महिने राहून परतताना पत्नीने आणि मी हे अंतर मेट्रो मार्गिका ३ ने, म्हणजे मुंबईच्या भुयारी मेट्रोने, पहिल्यांदाच पार केले. सोलापूरकडच्या, विशेषतः आमच्या वयाच्या, प्रवाशांना उपयोग व्हावा म्हणून त्या सेवेविषयी जरा सविस्तर लिहीत आहे.

आधीचे पर्याय काय होते, ते सांगितल्याशिवाय या सेवेची किंमत कळणार नाही. रिक्षा स्वस्त असली तरी मुंबईत ती एका बाजूने वांद्र्याच्या आणि दुसऱ्या बाजूने शीवच्या पुढे शहरात जाऊ शकत नाही. त्यामुळे रिक्षाने फार तर अंधेरी स्टेशन गाठायचे आणि तिथून हार्बरची लोकल धरून व्हीटीला यायचे, हा एक मार्ग होता. तरुणपणी एका पिशवीनिशी मी तो अनेकदा केला आहे; पण पासष्टी उलटल्यावर, वीस-वीस किलोच्या दोन बॅगा घेऊन, संध्याकाळी अंधेरी स्टेशनात शिरणे म्हणजे विषाची परीक्षा. राहता राहिली टॅक्सी. काही वर्षांपूर्वी एका टॅक्सीवाल्याने चाळीस मिनिटांत व्हीटीला सोडतो असे छातीठोकपणे सांगितले आणि वाकोल्याचा पूल यायच्या आतच आम्ही तासभर अडकून पडलो. मीटर पळत होते आणि चाके जागची हलत नव्हती. त्या रात्री सिद्धेश्वर चुकली, प्रतीक्षालयात बॅगांवर पाय ठेवून रात्र काढली आणि सकाळच्या उद्यान एक्स्प्रेसने, मिळेल त्या जागेवर बसून, सोलापूर गाठले. त्यानंतर विमानाची वेळ आणि गाडीची वेळ यांत सहा तासांचे अंतर ठेवायचे, असा आमच्या घरात दंडकच पडून गेला.

आरे ते कफ परेड अशी ही मार्गिका ३३.५ किलोमीटरांची असून तिच्यावर २७ स्थानके आहेत, आणि आरे सोडले तर सगळी जमिनीखाली आहेत. ती एकदम सुरू झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत आणि मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली, पण तोवर आम्हा रेल्वेने पुढे जाणाऱ्यांना तिचा फारसा उपयोग नव्हता. अत्रे चौकात उतरून पुन्हा टॅक्सीच शोधायची, तर विमानतळावरूनच का करू नये, असा साधा हिशेब होता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उरलेल्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि मेट्रो व्हीटीच्या दारात पोचली. विमानतळाला दोन स्थानके आहेत, टर्मिनल १ चे वेगळे आणि टर्मिनल २ चे वेगळे, आणि या दोहोंच्या मध्ये सहार रोड हे तिसरेच स्थानक येते. परदेशातून येणारी विमाने टर्मिनल २ ला उतरतात. देशांतर्गत प्रवाशांनी मात्र आपले टर्मिनल कोणते हे तिकिटावर पाहून घ्यावे.

बॅगा ताब्यात घेऊन आम्ही बाहेर आलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. मेट्रोच्या फलकांमागे चालत जावे लागते आणि विमानतळाची ट्रॉली वाटेतच सोडावी लागते. तिथून पुढे जे काही ओढायचे ते स्वतः ओढायचे, म्हणून ज्यांच्याकडे चाके नसलेले सामान आहे त्यांनी या टप्प्यावरच विचार करावा. तिकीट मोबाइलवरही निघते. त्याच ८ ऑक्टोबरला सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ ॲपवर तर मेट्रो, लोकल आणि बेस्ट यांची तिकिटे एकत्र मिळतात. परंतु जमिनीखाली मोबाइलची रेंज गृहीत धरू नये आणि परदेशातून आल्यावर सिमकार्डाचा घोळ असतोच, म्हणून आम्ही खिडकीवरूनच कागदी तिकिटे घेतली. त्या कागदावरचा चौकोनी कोड आत जाताना आणि बाहेर पडताना, असा दोनदा फाटकावर दाखवावा लागतो, हे कळल्यावर पत्नीने दोन्ही तिकिटे इतकी जपून ठेवली की व्हीटीच्या फाटकापाशी आम्हाला चार पिशव्या रिकाम्या कराव्या लागल्या; तिकिटे शेवटी चष्म्याच्या घरात सापडली. सामान क्ष-किरण यंत्रातून काढावे लागते. त्यानंतर सरकत्या जिन्याच्या मोहात न पडता लिफ्ट शोधावी. सरकत्या जिन्यावर एक हात कठड्याला आणि एक हात बॅगेला अशी अवस्था होते, आणि दुसरी बॅग कोणाच्या भरवशावर सोडायची हा प्रश्न उरतोच.

फलाटावर रुळांच्या बाजूला खालपासून वरपर्यंत काचेची भिंत आहे आणि गाडीची दारे त्या भिंतीतल्या दारांसमोर येऊनच उघडतात. लोकलच्या फलाटावर बॅगेसह उभे राहताना मागच्या रेट्याची जी भीती मनात असते ती इथे मुळीच वाटली नाही, आणि डब्याची व फलाटाची पातळी सारखी असल्याने बॅगेचे चाक कुठे अडकले नाही. चढताना बसायला जागा मिळाली. मात्र बॅगा ठेवण्यासाठी वेगळी सोय नाही, आणि गाडी सुटताना व थांबताना चार चाकांच्या बॅगा आपल्या मर्जीने डबाभर फिरायला निघतात. आमची मोठी बॅग एका मुलाच्या बुटावर जाऊन आदळली, तेव्हा त्याने न रागावता “काका, आडवी घाला, नाहीतर दादरपर्यंत हिंडत राहील” असा सल्ला दिला आणि स्वतःच ती आडवी करून दिली. बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाला, कचेऱ्यांमधली गर्दी चढली आणि मग बॅगेला हिंडायला जागाच उरली नाही.

पुढे धारावीच्या अलीकडे गाडी मिठी नदीच्या खालून जाते, परंतु खिडकीबाहेर काळोखाखेरीज काही नसल्यामुळे ते सांगितले नाही तर कळत नाही. सिद्धिविनायकाचे नाव पुकारले गेले तेव्हा पत्नीने अंदाजाने एका दिशेला हात जोडले. देऊळ नेमके कोणत्या बाजूला आणि किती वर, हे भुयारात कळायला मार्ग नव्हता. टर्मिनल २ पासून व्हीटी हे अठरावे स्थानक. घड्याळाप्रमाणे आम्हाला पाऊण तास लागला, आणि या पाऊण तासात वर पावसाने किंवा वाहतुकीने काय गोंधळ घातला होता याच्याशी आमचा काही संबंध नव्हता. माझ्या दृष्टीने या सेवेचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. टॅक्सी रात्री रिकाम्या रस्त्यावर कदाचित याहून लवकर पोचवेल, पण कधी पोचवेल हे ती सांगू शकत नाही. आणि गाडी पकडणाऱ्याला वेगापेक्षा वेळेची खात्री हवी असते.

आता एक प्रश्न सोलापूरकराला हमखास पडेल. आपल्या गाड्या दादरलाही थांबतात आणि दादर हे मेट्रोचेही स्थानक आहे, तर मग व्हीटीपर्यंत जायचेच कशाला? आमच्या सोबतच्या एका गृहस्थांनी हाच विचार केला आणि ते दादरला उतरले. माझे मत स्पष्टपणे याच्या विरुद्ध आहे. भुयारी मेट्रोचे दादर स्थानक पश्चिमेला आहे आणि मध्य रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट पूर्वेकडच्या बाजूला. म्हणजे संध्याकाळच्या वेळी, फुलवाल्यांच्या आणि घरी परतणाऱ्यांच्या गर्दीतून, बॅगा घेऊन पश्चिम रेल्वे ओलांडायची, आणि ती ओलांडून झाल्यावर दोन-तीन मिनिटे थांबणाऱ्या गाडीत आपला डबा शोधून सामान चढवायचे. व्हीटीला गाडी तिथूनच सुटत असल्याने ती आधी फलाटाला लागते, डबा शांतपणे शोधता येतो, बॅगा बाकाखाली सरकवता येतात आणि पाण्याची बाटली आणायलाही वेळ मिळतो. एकटा, हलक्या सामानाचा तरुण असेल तर त्याने खुशाल दादर करावे.

व्हीटीला मात्र माझ्या उतावीळपणाने थोडी पायपीट झाली. बाहेर पडण्याच्या वाटा अनेक आहेत आणि कोणती वाट कुठे निघते हे लिहिलेले असते. मी ते न वाचता गर्दीमागे निघालो आणि वर आल्यावर महापालिकेच्या मुख्यालयाचा घुमट पाहून जागेचा अंदाज घ्यावा लागला. स्टेशनात शिरल्यावरही काम संपत नाही. १ ते ७ हे फलाट लोकलचे आहेत आणि मेल-एक्स्प्रेसचे ८ पासून पुढचे फलाट त्यांच्या पलीकडे, पूर्वेच्या बाजूला आहेत; हे अंतर मोकळ्या हाताने पाच मिनिटांचे असले तरी बॅगांसह आम्हाला पंधरा मिनिटे लागली. पुढचे स्थानक हुतात्मा चौक असल्याची घोषणा ऐकून पत्नी चमकली होती, कारण सोलापूरकराच्या कानाला ‘हुतात्मा’ म्हटले की आधी सकाळची पुण्याची गाडी आणि तिला जे नाव मिळाले ते १९३१ चे आपले चार हुतात्मे आठवतात. मुंबईचा हा चौक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा, हे तिला ठाऊक होते. पण सवय ती सवय.

या मार्गिकेवर आरे ते कफ परेड या संपूर्ण प्रवासाला ७० रुपये पडतात, म्हणजे विमानतळावरून कुठेही जा, माणशी त्याहून अधिक लागत नाहीत. टॅक्सीशी तुलना करण्यात अर्थ नाही. तरीही ही सेवा सगळ्यांसाठी आणि सगळ्या वेळी नाही. शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या सुमारास आपापल्या टोकाहून सुटतात आणि परदेशातली कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर उतरतात. त्या प्रवाशांनी विमानतळावरची प्रीपेड टॅक्सी घ्यावी किंवा सहा वाजेपर्यंत तिथेच बसून काढावे. दुपारी चारनंतर सुटणारी वंदे भारत पकडायची असेल तर विमान बाराच्या आत उतरणारे हवे. सामानाच्या पट्ट्यावर किती वेळ जाईल हे मेट्रोच्या हातात नाही. सिद्धेश्वर साडेदहानंतर सुटत असल्याने संध्याकाळी सहापर्यंत उतरणाऱ्याला ती आरामात मिळते.

ज्यांना रेल्वेआधी ठाणे-डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे जायचे असेल त्यांनी उलट दिशेची गाडी धरावी. टर्मिनल २ च्या पुढचेच स्थानक मरोळ नाका आहे. तिथे घाटकोपरला जाणारी जुनी, २०१४ सालची मेट्रो मिळते आणि घाटकोपरहून मध्य रेल्वेची लोकल. त्या जुन्या मार्गिकेवर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचे एक स्थानक आहे, पण नावावर जाऊन तिथे उतरू नये. टर्मिनल २ तिथून चालण्याच्या अंतरावर नाही.

हे लिहिताना कोणी म्हणेल, आता मुंबईहून थेट सोलापूरला विमान आहे, मग हा खटाटोप हवा कशाला? योगायोग असा की ही मेट्रो व्हीटीला पोचल्यानंतर आठवड्याभरात, १५ ऑक्टोबर २०२५ रोजी, मुंबई-सोलापूर विमानसेवाही सुरू झाली. ज्यांच्या वेळा जुळतील त्यांनी होटगी रस्त्यावर जरूर उतरावे. आमच्या वेळा जुळल्या नाहीत आणि खरे सांगायचे तर रात्रीच्या गाडीची सवयही सुटत नाही.

फलाटावर बाक मिळाला तेव्हा साडेआठ वाजायचे होते, म्हणजे गाडीला अजून दोन तास होते. सिंगापूरहून निघताना लेकीने दिलेल्या पोळ्या आम्ही तिथे उघडल्या. सोबत होती ती आम्हीच सोलापूरहून तिच्यासाठी नेलेली आणि तिने उरलेली परत बांधून दिलेली शेंगा चटणी. लेक डिसेंबरात येणार आहे. तिच्याबरोबर दीड वर्षाचा मुलगा, ढकलगाडी आणि चार बॅगा असतील, म्हणून तिला मी मेट्रोचे नाव काढू दिले नाही; तिच्यासाठी टॅक्सीच सांगणार आहे, सहा तासांच्या अंतराने.