बबल एअर बेड: कामाचा, पण अर्धाच

बबल एअर बेड म्हणजे फुग्यांची हवेची गादी. अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांना एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा (बेडसोअर) टाळायला ती वापरतात. नाशिकच्या सर्जिकल दुकानांत हा बेड विकत किंवा भाड्याने मिळतो. पंप आळीपाळीने फुगे भरतो-सोडतो, त्यामुळे दाब एकाच जागी राहत नाही. तरीही साधारण दर २ तासांनी कूस बदलावीच लागते. वृद्धाश्रमांत बऱ्याचदा नेमकं तेच सुटतं. का, तर 'एअर बेड आहे ना!'

पंपावरची डायल रुग्णाच्या वजनानुसार लावा. मग माकडहाडाच्या जागी एअर बेडच्या खालून तळहात सरकवा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. वर एकच सुती चादर, तीही सैल. रबरशीट, दुपटी, डायपर असे थर चढवले की बेडचा उपयोग संपला. टाचा मात्र या बेडने वाचत नाहीत. पोटरीखाली उशी देऊन त्या अधांतरी ठेवा. डोक्याकडची बाजू ३० अंशांहून जास्त उचलली की अंग खाली घसरतं, कातडी ओढली जाते.

पावसाळ्यात वीज गेली की गादी बसते. इन्व्हर्टर नसेल तर घेऊच नका.

वृद्धाश्रमात भेटीला गेलात की कूस बदलल्याचा तक्ता मागा, कंबरेखाली स्वतः बघा. लाली दाबूनही फिकी होत नसेल तर जखम सुरू झालीय. तिथे चोळू नका. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, जागा गरम किंवा कडक लागते.