‘तुमची फसवणूक झाली आहे’ असं सांगणाराच चोर निघाला

पार्किंगच्या मशीनवरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका, एवढंच सांगायचं असतं तर एका ओळीत झालं असतं. पण आम्ही खरे फसलो ते तीन दिवसांनी, घरात बसून. म्हणून सगळं लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात सासू-सासरे दाभोळहून आमच्याकडे पूर्व लंडनमधल्या इलफर्डला आले होते. एका रविवारी चक्क ऊन पडलं, तशी सगळी वरात साउथएंडला निघाली. पूर्व लंडनच्या लोकांचा हा हक्काचा किनारा. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग, कारण सासूबाईंचा चिप्सवर विश्वास नाही.

गाडी लावली आणि मी मशीनपाशी गेले. मागे चार माणसं रांगेत, चिरंजीवांना शू लागलेली, आणि स्क्रीनवर ऊन असं की एक अक्षर दिसेना. शेजारी क्यूआर कोडचा स्टिकर होता, ‘झटपट पैसे भरा’ लिहिलेला. जरासा तिरका, आणि खालचा एक कोपरा उचकटलेला. तो कोपरा मी पाहिला होता, हे विशेष! पण सासरे म्हणाले, "आमच्याकडे तर कोळणीच्या टोपलीवरसुद्धा हा असतो." झालं, केला स्कॅन.

भारतातली सवय इथे नडते ती अशी. यूपीआयचा कोड स्कॅन केला की आपलंच अ‍ॅप उघडतं, पैसे कोणाला जाणार ते नाव दिसतं, मग आपण पिन टाकतो. कार्डाचा नंबर कोणी विचारत नाही. इथे उघडली एक वेबसाइट. दिसायला अगदी खरी, वर पार्किंगचं निळं चिन्ह. तिने गाडीचा नंबर विचारला, किती तास ते विचारलं, मग कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, आणि ‘पावतीसाठी’ मोबाइल नंबर आणि जन्मतारीख. पावतीला जन्मतारीख कशाला, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. शेवटी ‘पेमेंट झालं नाही, दुसरं कार्ड वापरा’ असं आलं. मी नवऱ्याचं कार्ड दिलं. म्हणजे एका दगडात दोन पक्षी, आणि दगड मीच उचलून दिला.

दिवस मात्र झकास गेला. पोचलो तेव्हा ओहोटी होती. तिथे ओहोटीला पाणी दीडेक किलोमीटर मागे जातं आणि नुसता चिखल चमकत राहतो. सासऱ्यांनी दोन मिनिटं बघून निकाल दिला, "ही खाडी आहे. समुद्र कसला?" टेम्सचं मुखच ते, चूक काय म्हणणार! या उथळ पाण्यामुळेच तिथला पिअर, म्हणजे पाण्यात आतवर गेलेला धक्का, एवढा लांब बांधावा लागला, ओहोटीतही बोटी लागाव्यात म्हणून. २.१६ किलोमीटर, जगातला सर्वांत लांब प्लेझर पिअर, म्हणजे फिरायला जायचा पिअर. सध्याचा लोखंडी पिअर १८८९ चा. त्यावरून छोटी आगगाडी धावते, तिच्यात बसून टोकाला गेलो. परतताना एका सीगलने मुलाच्या हातातली चिप्स पळवली. त्या दिवशीचा तेवढा एकच चोर आम्हाला दिसला.

संध्याकाळी दोन्ही कार्डांवरून तीन-चार पौंड गेलेले दिसले. पार्किंगचेच म्हणून सोडून दिले.

बुधवारी दुपारी फोन आला. बाई अतिशय गोड बोलत होत्या. "बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतेय. रविवारी तुम्ही साउथएंडला पार्किंगचे पैसे भरलेत का? ती वेबसाइट बोगस होती." गाडीचा नंबर, जन्मतारीख, कार्डाचे शेवटचे चार आकडे, सगळं तिनेच सांगितलं. आपण फसलोय हे आपल्याआधी ज्याला कळलं तो बँकेचाच असणार, असं मला वाटलं. मी तर तिचे आभार मानले! तुमचं खातं आता धोक्यात आहे, नवीन ‘सुरक्षित खातं’ उघडलंय, पैसे तिकडे हलवा, म्हणाली. मी १,९०० पौंड पाठवले. बचत खात्यातले पाठवणार, तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बँकेचे पैसे बँकेतच हलवायचे, तर त्यात तुझं काय काम?" मी हाच प्रश्न फोनवर विचारला. गोडवा संपला. बाई ओरडायलाच लागल्या. मी फोन ठेवला आणि १५९ लावला.

हा नंबर ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींनी फोनमध्ये साठवून ठेवा. त्यावरून बहुतेक मोठ्या बँकांच्या खऱ्या फ्रॉड विभागाशी जोडून मिळतं. फसवा मेसेज आला तर तो ७७२६ वर पाठवायचा. आणि गेलेल्या पैशांवर लगेच पाणी सोडू नका. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, अशा फसवणुकीत आपण स्वतः पाठवलेली रक्कमही बँकेने परत द्यावी असा इथे ब्रिटनमध्ये नियम आहे. मर्यादा ८५,००० पौंड, आणि त्यातून १०० पौंडांपर्यंत बँक कापू शकते. आमचे १,८०० परत आले. दोन्ही कार्डं मात्र बंद करून नवीन घ्यावी लागली.

पुढच्या आठवड्यात दंडाची नोटीस टपकली. पार्किंगचे पैसे खऱ्या खात्यात गेलेच नव्हते ना! ७० पौंड, १४ दिवसांत भरले तर ३५. मी हरकत घ्यायची ठरवली, पण पुरावा काय देणार? मग सासऱ्यांच्या फोनमध्ये एक फोटो सापडला. नातू मशीनला टेकून उभा, तोंड वेडंवाकडं केलेलं, आणि त्याच्या कानामागे तो स्टिकर, उचकटलेल्या कोपऱ्यासकट. बँकेच्या पत्रासोबत तो फोटो पाठवला. दंड रद्द झाला.