खान्देशात खाऱ्या पाण्याची नवी टाकी: शेवाळासाठी पैसे आधी कशात घालावेत?

नव्या मरीन टाकीला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तपकिरी थर चढतो आणि दुकानदार शेवाळ मारायची बाटली पुढे करतो. ती घेण्याआधी थर बोटाने पुसून बघा. धुरळ्यासारखा उडाला तर डायटम (सूक्ष्म तपकिरी शेवाळ). पाण्यातलं सिलिकेट संपलं की ते बहुधा आपोआप ओसरतात. लालसर-जांभळी चादर सुटून आली तर सायनोबॅक्टेरिया. दगडाला घट्ट धरलेले हिरवे केस म्हणजे हेअर अल्गी. तारा सुटणारा चिकट थर, त्यात अडकलेले बुडबुडे, दुपारी दाट आणि रात्री विरळ असेल तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव), आणि तिथे खालचे काही उपाय उलटे पडतात.

घरचा आरओ की आरओ-डीआय?

आपल्याकडे खरा निकाल इथेच लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 वर जातो आणि टाकी 26 अंशांवर ठेवायची असते. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसेल तर पाण्यावर पंखा लावतात. कोरड्या हवेत तो 2-3 अंश सहज उतरवतो (त्याच खोलीत कूलर असेल तर हवा दमट होऊन परिणाम घटतो), पण पाणी उडतं. 100 लिटरच्या टाकीतून रोज 3 लिटर उडालं, तर महिन्याला 90 लिटर गोडं पाणी वरून घालावं लागतं. वाफ शुद्ध जाते, त्या पाण्यातले क्षार मात्र मागेच राहतात. घरच्या आरओचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) 100 असेल, तर महिन्याभरात 9 ग्रॅम. त्यात शेवाळाचं खाद्य असलेलं नायट्रेट आणि सिलिकेटही आलं.

पिण्याच्या आरओत बहुतेकदा टीडीएस कंट्रोलर असतो. तो चवीसाठी न गाळलेलं पाणी परत मिसळतो. तो बंद केला तरी बोअरच्या जड पाण्याचा टीडीएस शून्यावर येत नाही. आरओ-डीआयमध्ये मेंब्रेननंतर डीआय (डीआयोनायझेशन) रेझिन, म्हणजे क्षार धरणारे दाणे असतात, ते उरलेलं ओढून घेतात. टीडीएस 0 वरून 1-2 वर चढला की रेझिन बदला. थकलेलं रेझिन धरलेलं सिलिकेट सगळ्यात आधी सोडतं आणि टीडीएस मीटरला ते नीट दिसत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर रेझिन लवकर संपेल, तो खर्च धरूनच ठरवा. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आरओ-डीआयच घ्या.

गोगलगायी की फॉस्फेट रिमूव्हर?

सेरिथ आणि नेराइट गोगलगायी काचेवरचा पातळ थर साफ करतात. लांब केसांना त्या फारशा तोंड लावत नाहीत. ते आधी हाताने उपटा, दगड टूथब्रशने घासा आणि सुटलेलं तिथल्या तिथे सायफनने ओढून घ्या. 100 लिटरला 4-5 गोगलगायी पुरेत, जास्त आणल्या तर उपाशी मरून पुन्हा शेवाळालाच खत. पार्सलने मागवायच्या तर थंडीत. उन्हाळ्यात पिशवी वाटेतच तापते. आल्यावर तासभर तरी थेंब-थेंब टाकीचं पाणी द्या. टाकीत कधी तांब्याचं औषध पडलं असेल तर हा पर्याय सोडूनच द्या.

फॉस्फेट रिमूव्हर, म्हणजे जीएफओ (शेवाळाचं खत असलेलं फॉस्फेट धरून ठेवणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे), मोजूनच वापरायची गोष्ट. फॉस्फेट 0.1 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर असेल तर पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने सुरू करा, आधी तांबूस पाणी जाईपर्यंत धुऊन. 0.03 ला थांबा. शून्यावर नेलं की डायनोंना रान मोकळं. उलट, भरपूर हेअर अल्गी असताना टेस्ट शून्य दाखवत असेल तर हुरळून जाऊ नका. फॉस्फेट शेवाळाच्या पोटात आहे. सुक्या (समुद्रातून जिवंत न आणलेल्या) दगडांची टाकी आणि चढता फॉस्फेट असेल तर जीएफओ, नुसती काच हिरवी होत असेल तर गोगलगायी. दिवे दोन्हीकडे 6 तासच.

आणि ती बाटली?

शेवाळ मरतं, कुजतं, त्यातलं फॉस्फेट पाण्यात परत येतं आणि कुजताना ऑक्सिजन खातं. गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. त्यात दुपारी लोडशेडिंग झालं तर मासे वर येऊन धापा टाकू लागतात. वापरायचीच असेल तर आधी बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा.