लांबच्या रस्त्यासाठी चाकं: ९० ची चार की ११० ची तीन?

लातूर–औसा किंवा पैठणच्या वाटेवर डांबरी रस्त्याने तासन्‌तास इनलाइन स्केटिंग करायचं, तर माझा कौल ११० मिमी व्यासाच्या तीन चाकांना.

एका किलोमीटरला ९० चं चाक साधारण ३,५०० वेळा फिरतं, ११० चं २,९००. वजन मात्र चारऐवजी तीनच चाकांवर येतं, म्हणून झिजेतला फरक वाटतो तेवढा मोठा नसतो. खरा फायदा खडबडीत पट्ट्यात. डांबर उडून खडी वर आलेली असते तिथे मोठं चाक कमी अडखळतं, पायाला हादरे कमी बसतात, वेगही टिकतो.

९० ची उंची कमी. घोट्यात अजून ताकद आली नसेल, तर आधी हीच घ्या. ११० साठी बहुतेकदा फ्रेमही (बुटाखाली चाकं बसवलेली पट्टी) बदलावी लागते, तो खर्च धरा.

टिकाऊपणासाठी मापापेक्षा पॉलियुरेथेनचा, म्हणजे चाक ज्या प्लास्टिकचं असतं त्याचा, दर्जा पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेल्या डांबरावर मऊ चाक आणखी मऊ पडतं. ८५ए च्या आसपासचा कडकपणा बरा (आकडा जितका मोठा, तितकं चाक कडक). आतली कड आधी झिजते, तेव्हा डावी-उजवी चाकं वेळेवर अदलाबदल करा.